गुप्ततेचा धर्म: सकळ लिपी आणि कूटबद्ध टॅबलेट

जे आपल्याजवळ आहे ते इतरांपासून झाकून ठेवणे धर्माला धरून आहे की धर्माविरुद्ध, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेला नवा नाही. एकीकडे विद्या अधिकारी शिष्यालाच द्यावी असा दंडक आढळतो, तर दुसरीकडे जे ज्ञान जीवाच्या उद्धाराचे आहे ते कोणापासूनही राखून ठेवू नये, असा संतांचा आग्रह दिसतो. आज हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या वस्तूच्या निमित्ताने सामान्य माणसासमोर उभा आहे. हातात मावणाऱ्या टॅबलेटमध्ये त्याचा पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, आजारपणाचे कागद आणि घरातल्या माणसांची छायाचित्रे साठवलेली असतात, आणि ती परक्याच्या नजरेपासून सुरक्षित राहतील की नाही, हे त्या यंत्राच्या कार्यप्रणालीची कोणती आवृत्ती त्याच्या वाट्याला आली यावर पुष्कळ अंशी ठरते.

या प्रश्नाचा विचार जालना जिल्ह्यातून सुरू करण्यास सबळ कारण आहे. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभाव पंथीयांचे श्रद्धास्थान असून, पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या वास्तव्याची स्मृती त्या स्थानाशी जोडलेली आहे. आणि मराठीत ग्रंथांचे कूटलेखन, म्हणजे ठरलेली खूण जाणणाऱ्यालाच वाचता यावे असे लेखन, सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले ते याच पंथाने. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पंथाचे आचार्य नागदेव यांचा कटाक्ष असा होता की ग्रंथरचना संस्कृतात न होता मराठीत व्हावी, कारण संस्कृत न जाणणारी साधी माणसे, विशेषतः स्त्रिया, त्या ज्ञानाला मुकू नयेत. ज्या पंथाने भाषेचे दार असे सर्वांसाठी उघडले, त्याच पंथाने पुढील काळात आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले; सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. भाषा सर्वांची आणि लिपी मोजक्यांची, असा हा विलक्षण ताण आहे.

सकळ लिपीचे तत्त्व प्रतिस्थापनाचे आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. अशा लेखनाचे सारे बळ पद्धत गुप्त राहण्यात असते. अक्षरांचा तक्ता एकदा हाती आला की त्या लिपीतला प्रत्येक ग्रंथ एकदमच उघडा पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, आणि तोवर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला जवळजवळ अपरिचित राहिलेले हे प्राचीन गद्य अभ्यासकांसमोर आले. कूटलेखनाने ग्रंथांचे रक्षण झाले हे खरे. पण ग्रंथ बंद राहिल्यामुळे पंथाविषयी बाहेर नाना गैरसमज पसरले आणि त्यांचे निराकरण करणारा पुरावा कुलपाआडच राहिला, हेही तितकेच खरे. जे वचन सर्वांच्या कल्याणासाठी उच्चारले गेले ते झाकल्याने उच्चारणाऱ्याचेही नुकसान होते, असा या इतिहासाचा निष्कर्ष काढता येतो.

मात्र हा निष्कर्ष टॅबलेटमधील मजकुराला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. सिद्धान्त आणि खाजगी जीवन या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिद्धान्ताचा स्वभाव प्रसार पावण्याचा असतो, त्यामुळे तो झाकणाऱ्याने झाकण्याचे कारण द्यावे लागते. खाजगी जीवनाचा स्वभाव याच्या उलट असून, ते उघडे करू पाहणाऱ्यावरच कारण देण्याची जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचा निर्णय दिला, त्यामागेही व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा हाच विचार आहे. गुन्हेगारही कूटबद्धतेचा, म्हणजे साठवलेली माहिती परक्याला वाचता येणार नाही अशी ठेवण्याच्या सोयीचा, आश्रय घेतो, हा आक्षेप खरा असला तरी त्यावरून निरपराध माणसाचा आडपडदा काढून घेणे न्याय्य ठरत नाही.

आधुनिक कूटबद्धता सकळ लिपीहून एका मूलभूत बाबतीत वेगळी आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केरखोफ्स यांनी असे तत्त्व मांडले की पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी लेखन सुरक्षित राहिले पाहिजे. सारे बळ फक्त किल्लीत, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळ्या असलेल्या गुप्त संख्येत, असावे. आजच्या टॅबलेटमधील साठवण याच तत्त्वावर कूटबद्ध होते. पद्धत जगजाहीर, किल्ली मात्र एकट्याची, अशी ही रचना असल्यामुळे नैतिक प्रश्नही बदलतो, आणि किल्ली कोणाला मिळते व ती कोणाच्या ताब्यात राहते, हे दोन प्रश्न मुख्य होतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. विंडोज या कार्यप्रणालीची प्रो आवृत्ती घेणाऱ्याला बिटलॉकर ही पूर्ण कूटबद्धतेची सोय सर्व अधिकारांसह मिळते. स्वस्त होम आवृत्तीत तिचे ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हे मर्यादित रूप असते आणि तेही यंत्राची घडण ठरावीक अटींत बसली तरच चालते. अँड्रॉइडच्या बाबतीतही ज्या स्वस्त यंत्रांचा प्रोसेसर कूटबद्धतेचे गणित पुरेशा वेगाने करू शकत नसे, त्यांना अनेक वर्षे साठवण कूटबद्ध ठेवण्याच्या अटीतून सूट होती. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याचे खाजगी जीवन अधिक उघडे. २०१९ मध्ये गूगलने कमी शक्तीच्या प्रोसेसरवरही वेगाने चालणारी अ‍ॅडियँटम ही पद्धत जाहीर केली आणि अँड्रॉइड १० पासून नव्या यंत्रांना वापरकर्त्याची माहिती कूटबद्ध ठेवणे बंधनकारक झाले. यावरून दिसते की ही विषमता यंत्राच्या स्वभावातून आलेली नव्हती. मनावर घेतल्यावर ती दूर करता आली. संस्कृताची अट काढून नागदेवांनी जे केले, त्याच दिशेचे हे पाऊल आहे. परतूर किंवा मंठा येथील शेतमजुराच्या मुलीने वापरलेल्या स्वस्त टॅबलेटलाही शहरातील व्यावसायिकाच्या यंत्राइतकेच संरक्षण मिळावे, ही मागणी सवलतीची नसून न्यायाची आहे.

दुसरा प्रश्न किल्लीच्या ताब्याचा. विंडोजच्या होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने साठवण आपोआप कूटबद्ध झाली, तरी वापरकर्ता मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करेपर्यंत किल्ली उघड स्वरूपात त्याच यंत्रात राहते. दाराला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवावी, तशी ही अवस्था असते. खात्याने प्रवेश केल्यावर संरक्षण खरोखर सुरू होते, परंतु त्याच वेळी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्लीची, म्हणजे अडचणीच्या प्रसंगी साठवण उघडून देणाऱ्या संख्येची, प्रत कंपनीकडील त्या खात्यात जमा होते. ही सोय विसराळू माणसाच्या उपयोगाची आहे, पण तिच्यामुळे रक्षक आणि मालक एकच राहत नाहीत. ज्याला हे समजावून सांगितलेले नाही, त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही, कारण अज्ञानातून आलेला होकार हा स्वातंत्र्याचा वापर नसतो.

किल्ली केवळ आपल्याजवळ असणे मात्र पुरेसे नाही. ती हरवली तर मालकही परका होतो, आणि ती सोपवण्याची व्यवस्था नसेल तर माणसाच्या मागे त्याच्या आठवणी व कागद कुटुंबीयांना कायमचे दुरावतात. महानुभावांच्या मठांत पोथीबरोबर लिपीची ओळखही गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणूनच ते ग्रंथ वाचणारे कोणीतरी सदैव उरले. गुप्ततेला विश्वासाच्या परंपरेची जोड लागते, हा धडा त्या पंथाने शतकानुशतके जगून दाखवला आहे. म्हणून पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घरातील विश्वासू व्यक्तीच्या स्वाधीन करणे ही धर्मदृष्ट्याही योग्य गोष्ट आहे.

गुप्तता अशा रीतीने स्वतःहून पुण्य किंवा पाप ठरत नाही. जे सर्वांचे आहे ते ती झाकत नसेल, दुबळ्यालाही समर्थाइतकीच उपलब्ध असेल, तिची किल्ली जाणत्या संमतीने ठेवलेली असेल आणि ती विश्वासाने पुढे सोपवता येत असेल, तर ती धर्माला धरून आहे. पैशाच्या मापाने वाटली जाणारी गुप्तता यांतल्या दुसऱ्याच कसोटीवर उणी पडते. ही उणीव दूर होईपर्यंत कार्यप्रणालीच्या आवृत्त्या समजून घेणे व दुसऱ्याला समजावून देणे हे प्रत्येक जाणत्या माणसाचे कर्तव्य ठरते.