मूठभर शेव

थंडी पडू लागली की ठाण्याच्या खाडीत कुरव उतरतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी जन्मलेले. आपल्याकडे असतात तेव्हा डोके पांढरे, डोळ्यामागे काळसर ठिपका. मार्चच्या सुमारास डोके तपकिरी होऊ लागले की समजावे, पाहुणे निघाले.

गेल्या हिवाळ्यात दिव्याहून वर्गातली मुले घेऊन आम्ही घारापुरीला गेलो. गेटवेहून लाँच सुटली आणि कुरवांचा थवा मागे लागला. लोक शेव, वेफर्स उधळत होते, पक्षी हवेतच झेलत होते. मुलांनीही खाऊच्या पैशांतून पाकिटे घेतली. पाखरांना दाणा घालणे हा सदका आहे, हे आम्हीच शिकवलेले. रोखणार कसे? खरे सांगायचे तर मूठभर शेव आम्हीही फेकली.

एका मुलीने मात्र पाकीट फोडले नाही. "सर, ये मछली नहीं खाते क्या?" तिने विचारले.

खातात. मासे, किडे, चिखलातले जीव हेच त्यांचे खाणे. तळलेल्या खारट बेसनाने पोट भरते, अंगी लागत नाही. आणि त्यांना तर हिमालय ओलांडून परतायचे असते. आम्ही म्हणालो, "बेटा, नियत साफ हो तो काफी है." बोललो आणि आमचे आम्हालाच खटकले.

मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. वर्गात आम्ही ती निर्दयतेची गोष्ट म्हणून सांगतो. पण तिचा गुन्हा दुहेरी आहे. तिने खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे आपल्या हातचा घास नसला तरी चालले असते, मांजरीची रोजी तिला मोकळी हवी होती. हा दुसरा भाग आम्ही इतकी वर्षे घाईने वाचून पुढे जात होतो.

कुरवाची रोजी खाडीच्या चिखलात आहे. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, ते ठीकच. पण दिव्याच्या माणसाला खाडीकाठ माहीत आहे. इथे वर्षानुवर्षे शहराचा कचरा पडत होता, तो 2023 मध्ये थांबला. त्या ढिगावर घारी-कावळे तुटून पडत तेव्हा कुणी तरी म्हणे, चला, पाखरांचे तरी पोट भरते. त्या धुरात राहणाऱ्या आम्हांला संताप येई. मग लाँचवर शेव फेकताना तेच वाक्य आमच्या मनात कसे आले?

तरीही मुलांच्या हातातले पाकीट काढून घ्यावे, असे आम्हांला आजही वाटत नाही. पाखराकडे पाहून ज्याचा हात खिशात जातो, त्याला आधी ओरडायचे आणि मग रहम शिकवायचा, हे आम्हांला जमणारे नाही. बी.एड.च्या पुस्तकांत यावर काही नव्हते.

परतीच्या लोकलमध्ये मुंब्रा गेल्यावर त्या मुलीने आपले पाकीट फोडले आणि सगळ्यांना वाटले. आमच्या वाट्याला दोन वेफर्स आले.