सांगून मोकळें होणें

एखादी धोक्याची गोष्ट दुसऱ्यास सांगितली, तीहि लेखी सांगितली, म्हणजे सांगणाराचें कर्तव्य संपलें काय? व्यवहार म्हणेल, संपलें. परंतु ज्या धोक्याचें आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठें आहे, त्याच्या बाबतींत हें उत्तर पुरें पडतें कीं नाहीं, याचा विचार केला पाहिजे.

अमेरिकेंत नायगारा फॉल्स या शहरीं ‘लव्ह कॅनाल’ नांवाचा एक अर्धवट खणून सोडलेला कालवा होता. हूकर नांवाच्या रासायनिक कंपनीनें १९४२ पासून सुमारें १० वर्षें त्यांत २०,००० टनांहून अधिक रासायनिक कचरा पुरला, आणि १९५३ सालीं ती जमीन शहराच्या शिक्षणमंडळास अवघ्या १ डॉलरला दिली. खरेदीखतांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, येथें रासायनिक कचरा पुरलेला आहे. त्यापासून इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाहीं. आणि पुढील प्रत्येक हस्तांतरणास ही अट लागू राहील. मंडळानें तेथें शाळा बांधली. कालव्याच्या काठानें घरें उठलीं. पण ज्या कागदांत इशारा होता तो कागद त्या बिऱ्हाडांच्या हातीं कधीं आलाच नाहीं. रसायनें तळघरांत झिरपूं लागलीं. १९७८ च्या ऑगस्टांत आणीबाणी जाहीर झाली, आणि त्या व पुढील वर्षांत शेंकडों कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं.

कंपनीनें सांगितलें नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. १९५७ सालीं मंडळ त्यांतील कांहीं जमीन विकूं पाहत असतां तिच्या प्रतिनिधींनीं विरोधहि केला होता. पण त्या खरेदीखतांतील कलमानें रक्षण कोणाचें झालें? लिहिणाराचें. शाळेच्या अंगणांत खेळणाऱ्या मुलाचें झालें नाहीं.

जमिनीवरील बंधन पुढील पिढ्यांनीं पाळावें ही चिंता कांहीं नवी नाहीं. आपल्याकडे शिलाहारांच्या काळापासून जमिनीच्या दानाचें रक्षण करण्यासाठीं शिळा उभ्या करीत. वर चंद्रसूर्य, मध्यें लेख, आणि खालीं दान मोडणारास शाप देणारें गाढवाचें चित्र. म्हणून त्यांस गधेगाळ म्हणतात. दान आचंद्रार्क चालावें ही त्यांतील इच्छा. आज अशा कित्येक शिळा बांधावर पडून आहेत, आणि त्यांवरील अक्षरें लावणारा गांवांत उरलेला नाहीं. शापालासुद्धां वाचणारा लागतो.

लव्ह कॅनालच्या अनुभवानंतर अमेरिकेनें १९८० सालीं ‘सुपरफंड’ कायदा केला. जेथें विष समूळ काढतां येत नाहीं तेथें तें झांकून जमिनीवर निर्बंध घालतात: येथें विहीर खणूं नये, घर बांधूं नये, वरचें झांकण फोडूं नये. आणि निदान दर ५ वर्षांनीं तपासणी करावी लागते, कीं तो बंदोबस्त अजून शाबूत आहे काय. लव्ह कॅनालचें नांव २००४ सालीं अग्रक्रमाच्या यादींतून काढलें, तरी तेथील देखरेख संपली नाहीं.

कोणी विचारील, ज्यानें विष पुरलें नाहीं त्या आजच्या मालकानें हा जाच कां सोसावा? वडिलांचा वाडा घेणारा त्यावरील कर्जहि घेतो. तो अपराधी नसेल, पण वारस आहे. खर्चाचा आक्षेप याहून अवघड आहे. देखरेख यशस्वी झाली म्हणजे कांहींच घडत नाहीं. आणि कांहींच घडत नाहीं म्हणूनच ती अनावश्यक वाटूं लागते. काटकसरीची कात्री प्रथम तिलाच लागण्याचा संभव असतो.

ज्या मुलांसाठीं हा खर्च करावयाचा तीं अजून जन्मासहि आलेलीं नाहींत. तीं मत देणार नाहींत, कीं आभार मानणार नाहींत. तरीहि ठरल्या वर्षीं कोणी तरी दप्तर घेऊन त्या कुंपणाभोंवतीं फेरी मारावी, तार ओढून पाहावी, आणि नव्या शेजाऱ्यास जुनी गोष्ट पुन्हां सांगावी. सांगून मोकळें होण्याची सोय ज्या थोड्या कर्तव्यांत नाहीं, त्यांपैकीं हें एक आहे असें मला वाटतें.