स्तनांची घनता : दैव आणि कर्तव्य

स्तनात मुख्यतः तीन प्रकारच्या ऊती असतात : दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व नलिका, त्यांना आधार देणारे तंतू आणि चरबी. मॅमोग्राफीच्या क्ष-किरण चित्रात चरबी काळपट दिसते, तर ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. या पांढऱ्या भागाच्या प्रमाणाला स्तनांची घनता म्हणतात. ती हाताला कळत नाही. घट्ट लागणारा स्तन घन असेलच असे नाही आणि मऊ लागणारा विरळ असेलच असेही नाही. तज्ज्ञ घनतेचे चार वर्ग करतात. अमेरिकेतील अनुभवानुसार सुमारे 10 टक्के स्त्रियांचे स्तन जवळजवळ पूर्ण चरबीचे आणि सुमारे 10 टक्के स्त्रियांचे अत्यंत घन असतात. बाकीच्या 80 टक्के मधल्या दोन वर्गांत येतात.

घनतेचा कर्करोगाशी संबंध दुहेरी आहे. गाठही चित्रात पांढरीच दिसत असल्याने घन ऊतीच्या पांढरेपणात ती लपून जाते. दुसरे असे की घनता हा स्वतंत्र जोखीम-घटकही आहे. 1976 मध्ये जॉन वुल्फ यांनी चित्रातील ऊतींची ठेवण आणि कर्करोग यांचा संबंध मांडला, आणि पुढच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. अगदी कमी घनतेच्या स्त्रियांच्या तुलनेत अत्यंत घन स्तन असलेल्या स्त्रियांना धोका चार ते सहा पट असतो. सर्वसाधारण स्त्रीशी तुलना केली तर तो सुमारे दुप्पट भरतो. असे असूनही घन स्तन असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना हा आजार कधीच होत नाही आणि विरळ स्तन असलेल्या काहींना होतो.

घनता ठरते कशाने? जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून असे दिसले की स्त्री-स्त्रीतील घनतेच्या फरकाचा साधारण साठ टक्के भाग आनुवंशिक असतो. वय वाढते, बाळंतपणे होतात, पाळी जाते, तशी घनता बहुधा कमी होते. पाळी गेल्यावर घेतलेल्या काही संप्रेरकांनी ती वाढते. म्हणजे तिचा मोठा वाटा स्त्रीच्या हाताबाहेरचा आहे. इथेच एक जुना धार्मिक प्रश्न उभा राहतो. जे कुणी निवडलेले नाही, त्याची जबाबदारी कुणाची?

औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग आणि नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूजली जाणारी नरसी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहेत, तिथे या प्रश्नाचे रूढ उत्तर एका शब्दात मिळते : प्रारब्ध. कर्मसिद्धांतात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग मानले जातात. साठलेले ते संचित, फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध आणि आता घडत असलेले ते क्रियमाण. या मांडणीचा गैरवापर तेव्हा होतो, जेव्हा आजारी बाईकडे बोट दाखवून तिच्याच पूर्वकर्माचे फळ म्हणून दुखणे तिच्या माथी मारले जाते. सिद्धांत माणसाला आपले आयुष्य समजून घेण्यासाठी आहे; दुसऱ्याच्या शरीरावरून त्याचे पाप वाचण्याचा अधिकार तो कुणालाही देत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि दैव. दैव पाचांपैकी एक आहे आणि तेही शेवटचे. जन्मतः मिळालेली ऊती दैवाच्या खात्यात घातली, तरी तपासणीचे साधन, तपासणारे हात आणि वेळेवर केलेली हालचाल ही कारणे उरतातच.

नामदेवांची परंपरागत कथा याच दिशेने जाते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चे ठरवले. नामदेव दुखावले, पण त्या निवाड्यावर न थांबता औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. आतल्या स्थितीचे ज्ञान मिळाले, त्यातून पुढचे पाऊल निघाले. घन स्तन हा कच्चेपणा नव्हे, ती निसर्गाची एक सामान्य रचना आहे. तरी ज्ञानाचे मोल त्यातून निघणाऱ्या कृतीवर ठरते, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

जोखीम हे ज्ञान नेमके कोणत्या प्रकारचे आहे, हे समजण्यासाठी जैन विचार उपयोगी पडतो. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर इथे मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. जैनांच्या स्याद्वादानुसार कोणतेही विधान एका विशिष्ट दृष्टीनेच खरे असते. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 मध्ये या विचाराचे संभाव्यतेच्या सिद्धांताशी असलेले नाते मांडले होते. चार पट धोका हे विधान समूहाच्या दृष्टीने खरे आहे. एका स्त्रीला पुढे काय होईल, याचा निकाल ते देत नाही.

मग ही माहिती स्त्रीला सांगावी का? अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून मॅमोग्राफी करणाऱ्या प्रत्येक केंद्राने स्त्रीला तिची घनता कळवणे बंधनकारक आहे. स्वतःच्या शरीराविषयी जाणण्याचा हक्क हा त्यामागचा आधार. पण पुढच्या तपासणीची सोय नसेल, तर तीच माहिती निव्वळ धास्ती बनते. ज्या ग्रामीण भागात मॅमोग्राफीच सहज होत नाही, तिथे हा हक्क आधी साध्या तपासणीचा हक्क ठरतो. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 30 वर्षांवरील स्त्रियांची दर 5 वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून हाताने स्तनतपासणी अपेक्षित आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये सुरू केलेल्या आणि सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर 2 वर्षांनी अशी तपासणी करत. 2021 मध्ये त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. 50 वर्षांवरील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले, मात्र सर्व वयोगट मिळून दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही.

यावरून जबाबदारीची वाटणी स्पष्ट होते. घनतेबद्दल स्त्री दोषी नाही, म्हणून तिला लाज वाटण्याचे कारण नाही. नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी किंवा बोंडातून येणारे रक्त दिसले तर ते न लपवता दाखवणे हे तिचे क्रियमाण आहे. तिला वेळ, सोबत आणि प्रवासखर्च देणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे. तपासणीची आणि पुढच्या उपचारांची सोय जवळ आणणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे. ते झालेले नसताना दैवाचे नाव घेणे म्हणजे आपले कर्तव्य त्या बाईच्या नशिबावर ढकलणे होय.