अर्थ तुकड्यांत की अखंडात?

इंग्रजीतले ‘मेक अप’ घ्या. भांडलेले मित्र ‘मेक अप’ करतात, म्हणजे समेट करतात. मूल न घडलेली गोष्ट ‘मेक अप’ करते, म्हणजे रचून सांगते. बुडालेला तास ‘मेक अप’ केला की तो भरून निघतो, आणि अकरा खेळाडू ‘मेक अप’ करतात तेव्हा संघ होतो. ‘मेक’ म्हणजे करणे, ‘अप’ म्हणजे वर. ही बेरीज कितीही वेळा मांडली तरी उत्तर समेट येत नाही. परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ते हेच, असे सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवले. मात्र ही केवळ शिकणाऱ्याची अडचण नाही. अर्थ मुळात राहतो कुठे, हा प्रश्न तिच्या पोटात आहे.

आपल्याकडे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या निरुक्तातच हा वाद आहे. सुटा उपसर्ग काही सांगत नाही, तो क्रियेचा अर्थ उजळतो, असे व्याकरणकार शाकटायन म्हणतो. उपसर्गांना स्वतःचे नाना अर्थ आहेत, असे गार्ग्य. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे शब्द शेजारी ठेवले की उपसर्ग आणि धातू यांच्या अर्थांची बेरीज जुळत नाही, आणि गार्ग्याची बाजू लंगडी पडते. व्याकरणाचा तत्त्वज्ञ भर्तृहरी याहून पुढे गेला. ‘वाक्यपदीया’त वाक्य हेच अखंड, पदे आणि प्रत्यय हे समजावून देण्यासाठी मागाहून वेगळे काढलेले अंश. या वेगळे काढण्याला तो अपोद्धार म्हणतो. मला हेच खरे वाटते, कारण ‘मेक अप’चा कोणता अर्थ घ्यायचा हे ‘अप’ ठरवत नाही. मित्र, गोष्ट, तास, संघ यांच्यासह आलेले सबंध वाक्य ठरवते.

यावर कोणी म्हणेल, ‘मेक इट अप’मध्ये कर्म मधे शिरते, मग अखंडता कसली? पण वेदातही उपसर्ग धातूपासून दूर उभा राहतो, पाणिनीने त्याची सूत्रात सोय केली आहे, आणि तरीही क्रिया एकच असते. मीमांसक कुमारिल भट्टाचा आक्षेप जास्त वजनदार आहे: पदे आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग ते अर्थ जुळतात, तसे नसेल तर कधी न ऐकलेले वाक्य कळावे कसे? ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ जाणणाऱ्याला नव्या जोडीतही ‘पार संपवणे’ ही छटा जाणवते, हे मान्यच करावे लागते. पण ती छटा अशा अनेक अखंड प्रयोगांतूनच गाळून आलेली आहे. तो अपोद्धारच झाला. कुमारिलाची खरी काळजी धर्माची, म्हणजे यज्ञविधींची होती. तुकडे मिथ्या ठरले तर ऊह, म्हणजे अग्नीच्या मंत्रात सूर्याचे नाव घालून तो दुसऱ्या यागाला लावणे, निराधार होईल. ही काळजी रास्त आहे, तरी ऊहामुळे भर्तृहरी हरत नाही. बदलते एक पद. पण कोणते पद बदलायचे आणि कोणते जसेच्या तसे ठेवायचे, हे सबंध मंत्र कोणत्या देवतेसाठी म्हटला जातो आहे यावरूनच कळते.