श्वास कोणाचा?

हृदयास थांब म्हटल्यानें तें थांबत नाहीं. जठरास हुकूम सोडला तरी तें ऐकत नाहीं. श्वासाचें मात्र तसें नाहीं. निद्रेंत तो आपोआप चालतो आणि जागेपणीं आपल्या इच्छेलाही थोडाफार जुमानतो. मग तो आपल्या मालकीचा म्हणावा काय?

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें १२ ते १६ वेळां श्वास घेतो. श्वासपटल खालीं सरतें, फासळ्या वर उचलल्या जातात, छाती विस्तारते व हवा आंत येते. हा क्रम मेंदूच्या तळाशीं असलेली लंबमज्जा चालविते. ऑक्सफर्ड येथील हॉल्डेन व प्रीस्टली यांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें कीं, या क्रमाचें नियमन मुख्यत्वें कार्बन डायऑक्साइड वायूच्या प्रमाणावरून होतें. श्वास रोखून धरला कीं हा वायु रक्तांत सांचत जातो आणि अखेर हट्टी मनुष्यासही तोंड उघडावें लागतें. म्हणजे इच्छेला सवलत आहे, सत्ता नाहीं.

कोणी म्हणेल, जेथें सत्ता नाहीं तेथें जबाबदारी कसली? आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाहीं. त्या सवलतीच्या बळावरच आपण उच्छ्वास आंवरून हळूहळू सोडतो. तो स्वरयंत्रांतील तंतूंस कंप देतो आणि शब्द उमटतो. आशीर्वाद व शिवी हीं एकाच उच्छ्वासाचीं रूपें होत. श्वास आंत कोण ओढतें, हा प्रश्न शरीरशास्त्राचा. बाहेर जातांना त्याचें काय करावयाचें, हा मात्र सर्वस्वीं आपला.