कैफियत, उलट्या क्रमाने

आमच्या भागात कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे दहा-बारा दिवस समाचाराला माणसे येत राहतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला घरातले कोणीतरी झाली ती हकीकत सांगत बसते. ही हकीकत, मी लहानपणापासून पाहत आलो आहे, नेहमी शेवटापासून सुरू होते. माझा एक मावसभाऊ दारूपायी ऐन पस्तिशीत गेला, तेव्हा मावशी भिंतीला टेकून, पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत आणि पुन्हा सोडवीत, पहिल्या दिवशी एवढेच सांगत होती की पहाटे चार वाजता त्याने पाणी मागितले आणि भांडे भरून आणीपर्यंत सारे आटोपले होते. तिसऱ्या दिवशी तिची हकीकत मागच्या मंगळवारपर्यंत गेली: तेव्हाच दवाखान्यात नेले असते तर. पाचव्या दिवशी ती गिरणी बंद पडली त्या वर्षाला जाऊन पोहोचली: तेव्हाच त्याला गावी बोलावून घेतले असते तर. आतल्या खोलीतल्या बायका तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, प्रारब्ध हो, दुसरे काय. आणि ओसरीवर बसलेले पुरुष आवाज उतरवून आपापसांत म्हणत, केले तसे भरले. हे दोन्ही फैसले कर्म या एकाच शब्दाच्या पोटातून निघालेले असून एकमेकांना छेद देतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. ते आले पुष्कळ वर्षांनी, आणि तेही फिलाडेल्फिया शहरातल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या एका अल्बममुळे.

त्या मंडळींचे नाव ‘द रूट्स’. तारिक ट्रॉटर आणि अमीर थॉम्प्सन हे दोघे फिलाडेल्फियाच्या कलाशिक्षणाच्या एका सरकारी शाळेत भेटले आणि 1987 च्या सुमारास एकत्र गाऊ-वाजवू लागले. पुढे पहिला ‘ब्लॅक थॉट’ आणि दुसरा ‘क्वेस्टलव्ह’ या नावाने प्रसिद्धीस आला. तयार ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून त्यावर शब्द म्हणण्याचा प्रघात रॅपमध्ये रूढ असताना यांनी ढोल, गिटार, पियानो प्रत्यक्ष वाजवून रॅप उभा केला. अशी दोन तपे उलटल्यावर, चाळिशीला टेकलेल्या ब्लॅक थॉटच्या मुख्य वाणीने, डिसेंबर 2011 मध्ये त्यांनी ‘अनडन’ हा जेमतेम चाळीस मिनिटांचा अल्बम काढला. त्याचा नायक रेडफर्ड स्टीव्हन्स हा काल्पनिक आहे. जन्म 1974, मृत्यू 1999. पंचवीस वर्षांचे आयुष्य, गरिबीत सुरू झालेले आणि अमली पदार्थांच्या धंद्यात संपलेले. शीर्षकाच्या शब्दाला इंग्रजीत तीन अर्थ चिकटलेले आहेत, उद्ध्वस्त झालेला, गाठ सुटलेला आणि न केलेला. आणि कर्म, विकर्म व अकर्म यांचा भेद ज्याच्या कानावर लहानपणापासून पडला आहे अशा माणसाला त्यातल्या तिसऱ्या अर्थापाशी थबकल्यावाचून पुढे जाता येत नाही.

अल्बम सुरू होतो तो रुग्णालयातल्या हृदयाच्या यंत्राचा तो एकच अखंड, सरळ झालेला सूर ऐकवून. म्हणजे नायक पहिल्याच क्षणी मेलेला आहे. त्यानंतरच्या गीतात तो मरणाच्या पलीकडून बोलतो, त्याच्या पुढच्यात उंबऱ्यावरून, निघण्याच्या तयारीत असलेल्या माणसाच्या विलक्षण शांत स्वरात बोलतो, आणि मग गीतागणिक एकेक पायरी मागे जात वैभवाचा तो थोडका काळ, हिंसेचा काळ, बुडत्या माणसाने वर पाहावे आणि दीपस्तंभात कोणीच नसावे असा एकटेपणाचा काळ, आठवणींचा काळ, असे सारे ओलांडून तो अशा एका जागी येतो की जिथे तराजूची दोन्ही पारडी अजून हलत आहेत. हे शेवटले गीत ‘टिप द स्केल’; तिथे शब्द संपतात. मरण नेमके कसे आले याचा पंचनामा अल्बम देत नाही, आणि कोणी विश्वासघात केला याची तहकीकातही करीत नाही. जी गोष्ट सरळ क्रमाने सांगितली असती तर श्रोत्याने पुढे काय होणार या उत्सुकतेने ऐकली असती, तीच उलट्या क्रमाने सांगितल्यामुळे त्या उत्सुकतेची जागा दुसरा प्रश्न घेतो: इथे तरी हा वाचला असता काय? मावशीची हकीकत ज्या क्रियापदांवर चालली होती त्यांना आपले व्याकरणकार संकेतार्थ म्हणतात, आणि हा अल्बम जरी इंग्रजीत असला तरी माझ्या कानाला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत संकेतार्थातच ऐकू येतो.

समीक्षकांनी त्याचे स्वागत मनापासून केले. इतक्या वर्षांनंतर, दूरचित्रवाणीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमात रोजची वादकी करीत असतानाही या मंडळींनी इतके आटोपशीर आणि गंभीर काम करावे याचे कौतुक अनेकांनी केले, आणि 2013 च्या ग्रॅमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमच्या नामांकनांत तो होता. पुरस्कार ड्रेकच्या ‘टेक केअर’ला गेला. मात्र प्रशंसेबरोबर एक फिर्यादही नोंदवली गेली. रेडफर्डची गोष्ट स्पष्ट होत नाही. त्याचे घर, आई, बायको, शत्रू काहीच डोळ्यांपुढे उभे राहत नाही. ब्लॅक थॉटबरोबर डाइस रॉ, ग्रेग पॉर्न, ट्रक नॉर्थ, बिग क्रिट, फोन्टे असे निरनिराळे आवाज एकाच माणसाच्या तोंडचे म्हणून येतात, आणि हा कथाबंध आहे हे आगाऊ सांगितले नसते तर ते उमगलेच असते असे नाही. ही फिर्याद निराधार नाही. मधल्या भागात दोन-तीन कडवी अशी आहेत की ती कोणत्याही धंदेवाईक रस्त्यावरच्या पोराच्या तोंडी शोभली असती, आणि तिथे कथेचा धागा खरोखर हातून सुटतो. परंतु रेडफर्डला चेहरा नाही हा जो मुख्य आक्षेप, तो मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी एका कायद्याचा दाखला द्यावा लागेल.

1986 साली, म्हणजे रेडफर्ड असता तर बारा वर्षांचा असता त्या वर्षी, अमेरिकेच्या विधिमंडळाने अमली पदार्थांविरुद्ध जो कायदा केला त्यात अशी तरतूद होती की क्रॅक या स्वरूपातले कोकेन पाच ग्रॅम सापडले तर किमान पाच वर्षांचा तुरुंगवास, आणि तेच कोकेन भुकटीच्या स्वरूपात असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी पाचशे ग्रॅम सापडले पाहिजेत. पाच ग्रॅम म्हणजे चहात घालण्याची चमचाभर साखर. पाचशे ग्रॅम म्हणजे वाण्याकडची अर्ध्या किलोची पुडी. क्रॅक गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत विकले जाई आणि भुकटी सुखवस्तू गोऱ्यांच्या घरी, हे ध्यानात घेतले म्हणजे हा एकास शंभराचा तराजू कोणाच्या दारात टांगला होता हे निराळे सांगावे लागत नाही. तो बदलून एकास अठरावर आणला गेला 2010 मध्ये, अल्बम निघण्याच्या अवघे एक वर्ष आधी. ज्या कायद्याने माणसाचा चेहरा न पाहता त्याच्या खिशातले वजन पाहिले, त्या कायद्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाची कैफियत पाच-सहा कंठांतून आली, तर तो रचनेतला ढिसाळपणा नव्हे. त्या वस्तीत एका मुलाची गोष्ट शेजारच्या मुलाच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नव्हती, ही त्यातली खरी वेदना आहे.

पण म्हणून सारा दोष परिस्थितीवर टाकून रेडफर्डला निर्दोष सोडून द्यावे काय? बायकांचा ‘प्रारब्ध’ हा फैसला इथे समाजशास्त्राच्या भाषेत परत येतो, आणि तो मला पूर्वीइतकाच अपुरा वाटतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त, जे पुढे 1915 साली प्रसिद्ध झाले, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक स्वतंत्र प्रकरणच या प्रश्नाला दिले आहे. कर्माची साखळी अनादि आहे आणि तिच्यातून कोणी सुटत नाही, हे पूर्णपणे मान्य करूनही त्यांनी प्रश्न धसास लावला तो असा की, मग माणसाला उपदेश तरी कशासाठी करावयाचा? त्यांचे उत्तर थोडक्यात असे की जे कर्म फळू लागले ते भोगूनच संपवावे लागते, परंतु देहात राहणाऱ्या आत्म्याची स्वतःला सोडवून घेण्याची प्रेरणा त्या साखळीची कडी नव्हे, आणि तिच्या जोरावर इंद्रियांना व बुद्धीला थोडे थोडे का होईना वळण लावता येते. सरकारने सहा वर्षांची शिक्षा ठोठावलेला मनुष्य कोठडीत बसून आत्म्याच्या स्वातंत्र्याची बाजू मांडतो, याचे मोल मला फार वाटते. त्यातला ‘थोडे थोडे’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ओसरीवरच्या पुरुषांना जे दिसत नव्हते ते नेमके हेच होते. केले तसे भरले असे म्हणणारा माणूस करणे ही एकच, पुरी, एका क्षणात उरकलेली घटना समजतो. प्रत्यक्षात पारडे झुकते ते चिमटी-चिमटीने, आणि ज्याला मागे जाऊन पाहण्याची फुरसत आहे त्यालाच ती चिमटी दिसते. अल्बमच्या उलट्या क्रमाने ही फुरसत सक्तीने दिली आहे.

आणि ही फुरसत देणारा मनुष्य कोण आहे हेही विसरता येत नाही. ब्लॅक थॉट अगदी तान्हा असताना त्याच्या वडिलांची हत्या झाली. वयाच्या सहाव्या वर्षी त्याच्या हातून चुकून आग लागून राहते घर जळाले. किशोरवयातच आईचीही हत्या झाली. 2023 साली त्याने ही सारी हकीकत आपल्या आत्मकथनात मांडली, पण ‘अनडन’ रचताना ती त्याच्यापाशी होतीच. प्रारब्धाच्या दफ्तरात पाहिले तर रेडफर्डच्या नावावर जे लिहिले होते त्याहून याच्या नावावर जडच लिहिले होते. जे वर्ष रेडफर्डच्या मृत्यूचे म्हणून त्याने निवडले, त्याच 1999 मध्ये रूट्सचा ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ निघाला आणि त्यांना मोठे यश लाभले. हा योगायोग असेल. मला मात्र असे वाटते की आपल्या जागी जो दुसरा मेला असता त्याला त्याने नाव देऊन पुरले. स्वतः वाचलेला माणूस मेलेल्याविषयी बोलू लागला म्हणजे त्याला दोन मोह पडतात: आपण पराक्रमाने वाचलो असे सांगण्याचा, किंवा वाचणे न वाचणे कोणाच्याच हाती नव्हते असे सांगण्याचा. या अल्बमात तो दोन्ही सांगत नाही.

शब्द संपल्यावर जे उरते ते सवापाच मिनिटांचे वाद्यसंगीत, चार छोट्या खंडांचे. काहींना ते मागून जोडल्यासारखे वाटले. मला अल्बमचा सारा विचार तिथे आहे असे वाटते. पहिल्या खंडाचे नाव रेडफर्डच्या नावाचे मूळ जे सुफ्यान स्टीव्हन्सचे 2003 मधले वाद्यगीत, तेच आहे, आणि पियानोवर सुफ्यान स्वतः बसला आहे. पुढच्या तीन खंडांची नावे क्रमाने पाहावी: ‘शक्यता’, ‘सामर्थ्याची इच्छा’, ‘अखेर’. शब्द संपेपर्यंत मागे चालणारा काळ इथे येऊन वळतो आणि पुन्हा पुढे चालू लागतो. शेवटच्या खंडाला जे नाव आहे त्याच गोष्टीपासून अल्बम सुरू झाला होता. नीत्शेची आठवण करून देणारा तो तिसरा खंड जेमतेम मिनिटभराचा आहे. त्यात डी. डी. जॅक्सन पियानोवर आणि क्वेस्टलव्ह ढोलांवर एकमेकांवर असे तुटून पडतात की कोण कोणाला ओढतो आहे हे कळत नाही. ताल पकडावा तर निसटतो, सूर पकडावा तर फुटतो. तो अनेकदा ऐकूनही पुढचा आघात कोणत्या हाताचा असेल हे मला अजून सांगता येत नाही. बाराव्या दिवशी मावशीची हकीकत मावसभावाच्या सातव्या वर्षापर्यंत गेली होती. शाळेतून येताना तो खिसा भरून चिंचोके आणी आणि तिच्या ओंजळीत मोजून घाली, हे सांगताना तिने पदर सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. त्या दिवशी ती ‘असते तर’ म्हणाली नाही. नुसते मोजत राहिली, आणि आम्ही कोणी तिला थांबवले नाही.