कुणाच्या मतानं पुस्तक उघडायचं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३

सगळं सांगून झालंय. अठरावा अध्यायही संपत आलाय. आणि इथे भगवंत अर्जुनाला सांगतात, मी सांगितलं त्यावर तू स्वतः पुरता विचार कर, मग तुला योग्य वाटेल ते कर. साक्षात सांगणारा समोर उभा असूनही शेवटचा निर्णय ऐकणाऱ्याकडेच! हा श्लोक आज वाचला आणि मला माझी एक चूक आठवली.

माझे काका गेले, त्यानंतरची गोष्ट. चुलत बहीण नोकरीसाठी बंगळुरूला राहते. जाताना तिनं काकांची तुकोबांची गाथा सोबत नेली. एका रात्री तिचा फोन आला. "ताई, रोज झोपताना दोन अभंग वाचते गं. पण बरेच शब्द कळतच नाहीत."

मी लगेच शहाणपण शिकवलं. "अगं, गाथा अशी मधूनच उघडून वाचू नये. आधी हरिपाठ कर, मग सार्थ प्रत घे. नाहीतर भलताच अर्थ लागतो." हे मत माझं नव्हतंच. कुठल्या तरी ग्रुपवर वाचलेलं, एका प्रवचनात ऐकलेलं. मी स्वतः तेव्हा गाथा पूर्ण वाचलेलीही नव्हती.

दिवाळीत काकूंकडे गेले, तर गाथा परत कपाटात. विचारलं तर म्हणाली, "तूच म्हणालीस ना, अशी वाचू नये म्हणून? मग ठेवून दिली."

मित्रांनो, त्या क्षणी मला रामेश्वर भट्ट आठवले. परंपरा सांगते की त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत सोडाव्या लागल्या. आपण ती कथा ऐकतो आणि मनातल्या मनात रामेश्वर भट्टांना दोष देतो. पण मी वेगळं काय केलं होतं? नदीऐवजी कपाट, एवढाच फरक. पुढे रामेश्वर भट्ट स्वतः तुकोबांचे शिष्य झाले, हेही परंपराच सांगते. म्हणजे ज्या मतापायी वह्या पाण्यात गेल्या, ते मत बाळगणाऱ्यालाच पुढे टिकवता आलं नाही.

मग काय, कुणाचं ऐकायचंच नाही? असंही नाही हं. गाथेतच साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. त्यात ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध... आयुष्य पुरणार नाही. कुणीतरी बोट धरावंच लागतं. गीतेच्याच चौथ्या अध्यायात (श्लोक ३४) जाणत्यांकडे नम्रपणे जायला सांगितलंय. पण तिथे नमस्कार आणि सेवा यांच्यासोबत तिसरा शब्द आहे 'परिप्रश्न'. म्हणजे सगळ्या बाजूंनी विचारणं. नुसती मान डोलावणं नव्हे.

इथे मला संत बहिणाबाईंची वाट दिसते. त्यांनी आपली हकीकत अभंगांतून स्वतःच सांगून ठेवली आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांच्या कानावर तुकोबांचे अभंग पडले आणि मनानं त्यांनी तुकोबांना गुरू मानलं. नवऱ्याला ते मुळीच मान्य नव्हतं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं? त्यासाठी त्यांनी मारही सोसला. पण तुकोबांना सोडलं नाही. पुढे नवऱ्याचंही मन पालटलं आणि दोघं देहूला गेले.

बघा, बहिणाबाईंपर्यंत तुकोबा पोचले ते दुसऱ्याच्याच तोंडून. आणि तुकोबांपासून त्यांना तोडू पाहत होतं तेही दुसऱ्याचंच तोंड. मग फरक कुठे? जयरामस्वामींनी अभंग ऐकवला. नवऱ्यानं अभंगाबद्दल काही म्हटलंच नाही, जात काढली. एकानं वस्तू हातात ठेवली, दुसऱ्यानं वस्तूवर हात ठेवला.

मला वाटतं, कसोटी हीच. रेटिंग असो, रील असो, नाहीतर सत्संगातल्या काकांचा सल्ला, एवढंच विचारायचं : हे मत मला पुस्तकापर्यंत नेतंय, की पुस्तकाच्या जागी स्वतःच बसतंय? आणि सांगणाऱ्यानं ते स्वतः वाचलंय का? "हे वाच, मला इथे अडलं होतं" असं म्हणणारा माणूस सोबती. "वाचू नकोस" एवढंच म्हणणाऱ्याला निदान एकदा "का?" विचारावं. पटलं तर ऐकावंही.

आणि सल्ला द्यायची पाळी आपल्यावर आली, तर जास्तच जपावं. समोरचा आपल्यावर विश्वास ठेवून पुस्तक मिटू शकतो.

बहिणीची मी माफी मागितली. आता रविवारी रात्री फोनवर आम्ही दोघी मिळून एक अभंग वाचतो. अडलेला शब्द ती शब्दकोशात शोधते, मी जमेल तसं सांगते. पुष्कळदा दोघींनाही अर्थ लागत नाही. मागच्या आठवड्यात अशाच एका अभंगावर अडलो, तर ती म्हणाली, "ताई, इथे बाबांनी पेन्सिलीनं खूण केलीये." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

ती खूण कपाटात तशीच राहिली असती.

आजचा संकल्प : न वाचलेल्या पुस्तकाबद्दल आज कुणाला "नको" म्हणणार नाही. आणि कुणाच्या तरी "नको"मुळे मिटलेलं एक पुस्तक आज एक पानभर तरी उघडून बघेन.

राम कृष्ण हरी!